काला मोतिया, झामर आणि काचबिंदू



आमच्या घरात एका आजाराला चार नावं आहेत. इंदोरला त्याला काला मोतिया म्हणतात, बडोद्याला झामर, हैदराबादची आमची आत्या नीटी कासुलु म्हणायची आणि मराठी पुस्तकात तो काचबिंदू असतो. नाव काही का असेना, नानांच्या डोळ्यांतून तो दादाच्या आणि माझ्या डोळ्यांत उतरला. गेल्या काही वर्षांत आम्हा बहीणभावांची ऑपरेशनं झाली. आईवडील तेच, आजार तोच, पण ऑपरेशनं इतकी वेगळी की फोनवर आपापलं सांगताना दुसऱ्याला वाटायचं, ह्याला किंवा हिला भलतंच काहीतरी झालंय. माझं जे ऑपरेशन झालं त्याबद्दल आपल्या लोकांत अजून फारसं कोणाला ठाऊक नाही, म्हणून बैजवार लिहिते आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी नानांचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१९७९ साल. नाना ५७ वर्षांचे, कापड मिलमध्ये हिशेबाच्या खात्यात. चष्म्याचा नंबर बदलावा म्हणून गेले तर डॉक्टर म्हणाले, "काला मोतिया है बाबूजी, दवाई रोज़ डालनी पड़ेगी." नानांनी घरी येऊन सांगितलं, मोतिया झालाय. घरात आजी होती. तिचे दोन्ही मोतीबिंदू काढलेले, बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावायची. ती म्हणाली, "मग घाई कसली? पिकल्याशिवाय हात लावत नाहीत." त्या काळी ते खरंही होतं, मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबवायचे. 'काला' ह्या शब्दाकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. काळा काय, पांढरा काय, मोतियाच तो.

औषध म्हणजे पायलोकार्पिनचे थेंब, दिवसातून चार वेळा. थेंब घातला की कपाळ ठणकायचं, बाहुली आकसून मोहरीएवढी व्हायची आणि तिन्हीसांजेला दिवे लागले तरी नानांना सगळं अंधुकच. मोतिया तर पिकायचाच आहे, मग हा ताप कशाला, असं करत थेंब सुटले. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, समोरचे आकडे दिसत होते. मिलचे हिशेब तोवर चोख चालू होते.

१९८१ मध्ये दादा त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला, मोतिया पिकला का ते बघायला. तेव्हा डाव्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता. डॉक्टर वयस्क होते. "ये मोतिया वो मोतिया नहीं है," म्हणाले आणि चिठ्ठीच्या पाठीमागे डोळ्याचं चित्र काढून समजावू लागले. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते काढलं की दृष्टी परत येते. ह्यात डोळ्याच्या मागची नस मरते, आणि मेलेली नस परत येत नाही. नाना काही बोलले नाहीत. रिक्षात बसल्यावर फक्त म्हणाले, "आईला सांगू नका, तिला वाटेल तिच्यामुळे झालं." आजीला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन मुंबईला केलं. त्याने पाच-सहा वर्षं मिळाली. तीही अशी, की समोर टेबलावरची वाटी दिसायची पण शेजारचा तांब्या नाही. १९८७ नंतर तेवढंही नाही. आमच्या रामबागेतल्या घरात पडवीपासून मोरीपर्यंत नानांच्या हाताचा एक तेलकट पट्टा भिंतीवर उठायचा, कमरेच्या जरा वर. दिवाळीला चुना लावला की जायचा, रंगपंचमीपर्यंत पुन्हा हजर. माणसं ते चपलांवरून ओळखायचे. महाराष्ट्र साहित्य सभेत व्याख्यान असलं की मात्र हटकून जायचे, कोणाच्या तरी दंडाला धरून. भाषणाला डोळे लागत नाहीत, म्हणायचे. १९९६ मध्ये ते गेले.

आता जरा डोळ्याच्या आतलं. मी डॉक्टर नाही, पण सहा-सात वर्षं त्या खुर्चीत हनुवटी टेकवून बसले आहे, तेवढं शिकलेच.

डोळ्यात पुढच्या भागात एक पाणी असतं. अश्रू नव्हेत, अश्रू बाहेरचे. हे आतलं, सतत बनत राहतं. इंदोरात नळ एक दिवसाआड येतो, डोळ्यातला मात्र चोवीस तास. बनतं तेवढं वाहून जायला हवं, म्हणून बुबुळ आणि रंगीत पडदा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात एक बारीक जाळी असते, आपल्या मोरीच्या तोंडाला असते तशी. जाळीपलीकडे गोल फिरणारी एक नाली, श्लेमची नाली म्हणतात तिला, आणि तिथून पाणी शिरांमध्ये. आमच्या जातीच्या काचबिंदूत मोरी उघडीच असते, वरून बघितलं तर छान दिसते, पण जाळी आतून तुंबत जाते. पाणी अडतं, दाब वाढतो, आणि तो दाब मागच्या नसेला थोडा थोडा मारत राहतो. साधारण १० ते २१ पारा हा दाब ठीक समजतात. पण काहींची नस १८ लाही मरते आणि काहींची २४ लाही टिकते, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नये, नस बघावी लागते. (दुसऱ्या एका जातीत मोरीचं तोंडच बंद होतं. आपल्या देशात तीही कमी नाही. तिचे उपाय वेगळे, त्यात मी शिरत नाही.)

नस मरते ती कडेकडेने. मधलं शेवटपर्यंत शाबूत राहतं, म्हणून पेपर वाचता येतो आणि माणूस निश्चिंत असतो. आपल्या देशात काचबिंदू असलेले एक कोटीच्या वर आहेत असं मानतात आणि त्यातल्या बहुतेकांना ठाऊकच नाही. कारण हेच.

दादाचंही असंच झालं. तो १९७५ पासून बडोद्याला, दांडिया बाजारात. २०१६ मध्ये वहिनीच्या लक्षात आलं की हा चहा कपाबाहेर ओततो आणि जिन्याची शेवटची पायरी चुकतो. वय ६३, सगळ्यांनी वयावर घातलं. वहिनी मात्र जन्माची बडोद्याची. तिच्या माहेरी शेजारच्या बांना झामर होता, ती हटूनच बसली की दाब तपासा. गुजरातीत मोतियो आणि झामर असे दोन सपशेल वेगळे शब्द आहेत, एकाचा दुसऱ्याला वास नाही. मला अजून वाटतं, नाना बडोद्याला असते तर त्या एका शब्दाने त्यांची दोन वर्षं वाचली असती.

दादाचा उजव्या डोळ्याचा दाब निघाला ३४, डाव्याचा २६. उजव्याची नस जवळजवळ संपत आलेली. त्याच रात्री त्याचा फोन. "तू उद्याच जाऊन ये. आज अजून दवाखाना उघडा असेल तर आजच जा ने." सख्ख्या भावंडांना हा होण्याचा संभव इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो, हे त्याला तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मी गेले. दाब २४ आणि २२. मग सगळ्या तपासण्या. पिवळा थेंब घालून निळ्या दिव्याने दाब मोजणं, बुबुळाची जाडी मोजणं, डोळ्यावर भिंग टेकवून तो कोपरा उघडा आहे का बघणं, नसेचा फोटो. आणि ते फील्ड टेस्ट नावाचं प्रकरण. पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसायचं, कुठेही मिणमिणता ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. ज्यांनी दिली आहे त्यांना कळेल. इतकी वर्षं पोरांच्या परीक्षा घेतल्या, पण ह्या परीक्षेला जेवढं पोटात गोळा येतं तेवढं कशालाच नाही. ठिपका दिसला की भास झाला हेच कळेना. निकाल: उजव्या डोळ्यात वरच्या बाजूला एक काळा डाग, सुरुवातीचा ते मध्यम काचबिंदू. डावा अगदी सुरुवातीचा.

थेंब सुरू झाले. रात्री लॅटॅनोप्रॉस्ट. ते नवीन बाटली फोडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायचं, म्हणून आमच्या फ्रिजच्या दारात श्रीखंडाच्या डब्याशेजारी त्याचा कायमचा मुक्काम. त्याने पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात. एका लग्नात जाऊबाईंनी कानात विचारलं, ह्या वयात मस्कारा कधीपासून? वर्षभराने एकाने भागेना. टिमोलॉल स्वस्त आणि चांगलं, पण मला दमा, दमेकऱ्याला ते चालत नाही. हे माझ्या डॉक्टरांनी आधी विचारलं म्हणून बरं. ब्रिमोनिडीनने चार महिन्यांत डोळे टोमॅटोसारखे लाल. डॉर्झोलामाइडने झोंबायचं आणि पाठोपाठ तोंडात कडू चव यायची, पोह्यांची चव जायची, आणि इंदोरच्या माणसाची पोह्यांची चव जाणं म्हणजे काय ते इंदोरच्या माणसालाच विचारा. तरी घातले, सहा वर्षं. नानांचे थेंब कसे सुटले ते डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे माझा एकही सुटला नाही. पण दाब २१-२२ च्या खाली येईना, आणि २०२२ च्या फील्डमध्ये तो काळा डाग जरासा पसरलेला दिसला. त्यातच उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. काळा आणि पांढरा, दोन्ही मोतिये एका डोळ्यात.

डॉक्टर म्हणजे आमच्या पोरीच्या वयाची मुलगी. तिने विचारलं, "आंटीजी, मोतियाबिंद तो निकालना ही है. साथ में एक छोटा काम और कर दें?"

छोटं काम म्हणजे मिग्स. इंग्रजीतल्या लांबलचक नावाची ही आद्याक्षरं, अर्थ असा की डोळ्याला कमीत कमी कापाकापी करून काचबिंदूचं ऑपरेशन. हे एका ऑपरेशनचं नाव नाही, सगळ्या गोतावळ्याचं आहे. कोणी जाळीत बारीक नळी बसवतात, कोणी दुधारी पातीने जाळीची पट्टी सोलून काढतात, कोणी श्लेमच्या नालीतून गोल दोरा फिरवून तो ओढतात की जाळी आतून उसवत जाते. आपल्याकडे काही सर्जन इंजेक्शनची साधी सुई टोकाशी वाकवूनही हे करतात, आणि ते काही अडाणी काम नाही. जाळी आतून उघडायची ही कल्पनाही नवी नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे ऑटो बार्कन १९३० च्या दशकातच भिंगातून कोपऱ्यात बघत जाळी कापायचे, आणि जन्मजात काचबिंदू असलेल्या कित्येक बाळांचे डोळे त्याने वाचले. नवं आहे ते मोतीबिंदूच्याच दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून शिरून, डोळ्याच्या बाहेरच्या कातडीला हात न लावता, पाच-दहा मिनिटांत हे उरकणं. अमेरिकेत अशा पहिल्या टायटॅनियमच्या नळीला, आय-स्टेंटला, २०१२ मध्ये परवानगी मिळाली.

दादाला फोन केला. त्याला हे अजिबात पटलं नाही.

त्याची ट्रॅबेक्युलेक्टमी झालेली. हे ऑपरेशन केंब्रिजच्या केर्न्सनी १९६८ मध्ये आणलं, नानांचंही तेच झालं होतं. त्यात जाळीची भानगडच नाही. मोरी तुंबली ना, मग भिंतीलाच भोक पाडा. डोळ्याच्या पांढऱ्या भागात झडपेसारखं दार करतात, पाणी बाहेर येऊन वरच्या पापणीखाली पातळ पडद्याआड साचतं आणि तिथून जिरतं. त्या जागी फोडासारखा एक उंचवटा राहतो. शरीराचा स्वभाव असा की भोक दिसलं की बुजवायचं, म्हणून तिथे मायटोमायसिन लावतात. हे मूळचं कॅन्सरचं औषध. दादाचा दाब ऑपरेशननंतर एकदम ५ वर गेला, नजर धुरकट झाली, मग हळूहळू चढला. दोन महिने दर आठवड्याला खेप, दोनदा लेझरने टाके सोडवले, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. आणि आजही डोळा लाल झाला तर त्याच दिवशी धावत जायचं, कारण त्या उंचवट्यातून जंतू आत शिरले तर डोळा जाऊ शकतो. पण त्याचा दाब तेव्हापासून १० ते ११. एकही थेंब नाही.

"बघ," तो म्हणाला, "नानांना गेलेलं तू बघितलंस. करायचं तर पक्कं कर ने. अर्धवट काम करून काय उपयोग?"

मला रात्रभर झोप नाही. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तेच डॉक्टरांना विचारलं. तिने जे उत्तर दिलं ते मला आवडलं, कारण तिने आपला माल विकला नाही. म्हणाली, तुमच्या भावाच्या डोळ्याला मी हे कधीच सुचवलं नसतं. त्यांची नस संपत आली होती, त्यांना दाब १० लाच हवा होता, आणि तो ह्या वाटेने मिळत नाही. जाळी उघडली तरी पाणी शेवटी जातं शिरांमध्ये, आणि शिरांचा स्वतःचा एक दाब असतो, त्याच्या खाली ह्या वाटेने उतरताच येत नाही. बहुधा १५-१६ वर गाडी थांबते. तुमच्या नसेला १५-१६ पुरेल असं मला वाटतं. उद्या नाही पुरलं तर भावाचं ऑपरेशन तेव्हाही करता येईल, कारण ह्यात आपण डोळ्याची बाहेरची कातडी वापरतच नाही, ती कोरी राहते.

मी विचारलं, नक्की किती फायदा? तिने कागदावर लिहून दाखवलं. दोन नळ्यांच्या आय-स्टेंटची अमेरिकेत जी मोठी चाचणी झाली, तिच्यात दोन वर्षांनी थेंबांशिवाय शंभरातल्या ७६ जणांचा दाब २० टक्के किंवा अधिक उतरलेला होता. आणि ज्यांचं नुसतं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्यांच्यातल्या ६२ जणांचा. म्हणजे मोतीबिंदू काढल्यानेच दाब पुष्कळ उतरतो, नळीचा स्वतःचा हातभार शंभरात चौदा माणसांचा. आमच्या ह्यांनी चष्मा वर करून तो कागद दोनदा वाचला. "चौदा म्हणजे काही फार नाहीत," म्हणाले. डॉक्टर म्हणाली, "नहीं हैं अंकल. पर ख़तरा भी उतना ही छोटा है."

आणखी एक विचारलं. नवी वस्तू आहे, दहा वर्षांनी काय? त्यावर तिने आपण होऊन सायपासची गोष्ट सांगितली. तीही मिग्समधलीच एक नळी, २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. पाच वर्षांचे आकडे आले तेव्हा दिसलं की तिने बुबुळाच्या आतल्या थरातल्या पेशी जास्त मरतात. ऑगस्ट २०१८ मध्ये ती जगभरातून परत घेतली गेली. ती वेगळ्या जागी बसायची, लांबही होती. आपली जाळीत बसते, फारच छोटी. तरीसुद्धा दर वर्षी पेशी मोजायच्या, म्हणाली. जी डॉक्टर आपल्याच शास्त्राची फसलेली गोष्ट न विचारता सांगते, तिच्या हातात डोळा द्यायला हरकत नाही असं मला वाटलं. दादाला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मग मी अवंतिकेने येतो." आणि आला.

पैशांचं थोडक्यात. विमावाल्यांनी मोतीबिंदूचे दिले, स्टेंटला 'पॉलिसीत बसत नाही' म्हणून दोन ओळींचं पत्र पाठवलं. डॉक्टरने पातीने करायचा स्वस्त पर्यायही समोर ठेवला होता. पण त्यात डोळ्यात रक्त जास्त उतरतं आणि आठवडाभर लाल धुक्यात राहावं लागू शकतं, आणि घरात तेव्हा नातीची बारावी. आम्ही स्टेंट घेतला. ज्यांना परवडत नाही त्यांनी जीव टाकू नये. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या देवासच्या काकांचं सुईने केलं होतं, आणि त्यांचा दाब माझ्यापेक्षा खाली आहे.

ऑपरेशन नोव्हेंबरात झालं. भूल म्हणजे नुसते थेंब. मोतीबिंदूचा भाग बहुतेकांना माहीत असतो, रंगीत प्रकाश, पाण्याचा आवाज, डॉक्टर आणि सिस्टरच्या गप्पा. तो झाल्यावर डॉक्टर म्हणाली, "आंटीजी, अब गर्दन बाईं तरफ़. बस. अब साँस लेना, पर हिलना मत." मान बरीच वळवतात, कारण तो कोपरा सरळ वरून दिसत नाही. मायक्रोस्कोपही तिरका करतात आणि बुबुळावर एक भिंग टेकवतात, त्यातून त्यांना जाळी दिसते. मला काहीच दिसत नव्हतं, फक्त एक टिक आवाज आला. थोड्या वेळाने आणखी एक टिक. दोन नळ्या, प्रत्येकी ०.३६ मिलिमीटर. राजगिऱ्याचा दाणा तिच्यापुढे दगड वाटेल. "थोड़ा सा ख़ून आया, बढ़िया," असं ती म्हणाली तेव्हा मी दचकले. नंतर कळलं, नळी बरोबर नालीत शिरली की मागून रक्ताचा एवढासा धागा येतो, ती जागा चुकली नसल्याची खूण.

दुपारी घरी. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, भिंतीवरचं कालनिर्णय चष्म्याशिवाय वाचलं. दाब १४. दादाचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याच्या वेळी दुसऱ्या दिवशी त्याला हाताची बोटंही मोजता येत नव्हती.

आठव्या दिवशी दाब २८.

खोटं कशाला सांगू, खुर्चीतून उठताना पाय लटपटले. ऑपरेशनच्या आधी होता त्याहून जास्त. घरी येऊन मी कोणाशी बोलले नाही, पडवीत जाऊन बसले. घर आता नवं बांधलेलं, भिंतीला ऑइल पेंट, तरी त्या भिंतीकडे बघवेना. दादा रात्रीच्या गाडीने निघणार होता. त्याने तिकीट रद्द केलं आणि "मी सांगितलं होतं" हे एकदाही म्हटलं नाही.

कारण निघालं स्टेरॉइडच्या थेंबांचं. ऑपरेशननंतर सूज उतरायला ते देतातच, पण काही लोकांचा दाब स्टेरॉइडने चढतो, आणि काचबिंदूवाल्यांत असे बरेच असतात. थेंब बदलून दिले, दाबाची गोळी आठ दिवस. तीन आठवड्यांत १६. इथे एक सांगून ठेवते. डोळा खाजला की मेडिकलमधून 'ते मागच्या वेळचं' ड्रॉप आणून महिनोन्महिने घालणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं आणि त्याने धडधाकट डोळ्याला काचबिंदू होतो, लहान मुलांनासुद्धा. बाटलीवरचं नाव डॉक्टरला दाखवल्याशिवाय घालू नका.

पुढे वर्षभर उजव्या डोळ्याला एकही थेंब नव्हता, दाब १५-१६. दीड वर्षाने तो १८ वर आला म्हणून रात्रीचा एक थेंब परत सुरू झाला, पण एकच, आणि तोंड कडू करणारा नव्हे. फील्डमधला डाग आहे तिथेच आहे. पेशी मोजल्या, ठीक आहेत. नळीचं एक कार्ड मिळालं आहे, कधी एमआरआय करायची वेळ आली तर आधी दाखवायचं. ते आधारच्या पाकिटातच ठेवलंय. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू नाही, तिथे जाळीवर लेझर केलं, एसएलटी म्हणतात. २०१९ मध्ये लंडनकडच्या डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये दाखवून दिलं की सुरुवातीच्या काचबिंदूत थेंबांऐवजी आधी हे लेझर केलं तरी चालतं, उलट बऱ्याच जणांना तीन वर्षं थेंब लागतच नाहीत. पाच मिनिटांचं काम.

दादाचा उजवा डोळा जेवढा उरला होता तेवढा राहिला आहे. डावा २०२३ मध्ये ऑपरेशनला आला तेव्हा त्याने तिथल्या डॉक्टरांना विचारलं, मला बहिणीसारखं नाही का चालणार? ते नाही म्हणाले, एकच डोळा धड आहे, इथे १५ वर थांबून भागणार नाही. पुन्हा तेच झडपेचं दार, पुन्हा दोन महिने खेपा. ह्या वेळी मी बडोद्याला जाऊन राहिले. वहिनी पोळ्या लाटायची आणि मी घड्याळ लावून दादाच्या डोळ्यात थेंब घालायची, तासातासाला. सकाळी सूरसागरला एक फेरी, तिथे काठावर तो मला विचारायचा, महादेवाच्या डाव्या बाजूला काय दिसतं सांग. मी सांगायची. मग तो स्वतःच मान वळवून बघायचा, बरोबर आहे का.

त्याचा मोठा मुलगा ४२ चा. त्याची नस जराशी खोलगट दिसते, दाब १९, फील्ड स्वच्छ. औषध काही नाही, फक्त दर सहा महिन्यांनी दाखवायचं. पुढची तारीख १४ मार्च आहे. माझ्या दोन्ही मुलींचं तपासून झालं, तूर्त काही नाही. हैदराबादच्या आत्याची नातवंडं राहिली आहेत, त्यांना फोन केला तर म्हणाली, "अगं, आम्हाला चष्मासुद्धा नाही." पुन्हा करणार आहे.